मुठीएवढ्या कुपीचं वय

"पप्पा, तुला अजून हाताने ड्रॉइंग काढता येतं का रे?" दीक्षाने विचारलं, तेव्हा भाऊसाहेब खरात ओट्यापाशी भेंडी चिरत होते.

"येतं म्हणजे काय!" ते म्हणाले, आणि सुरी हातात तशीच धरून जरा थांबले. शेवटची रेघ हाताने कधी ओढली ते त्यांना आठवेना. वीसेक वर्षं तरी झाली असतील.

दीक्षा युनिव्हर्सिटीत इतिहास शिकत होती. तिच्या मॅडमना, डॉ. लाम यांना, जुन्या खापरांची चित्रं काढून देणारं माणूस हवं होतं. वर्गातल्या मुलांनी प्रयत्न केला होता. "आमच्यातल्या कुणालाच जमत नाही, पप्पा. सरळ रेघसुद्धा कान्ट लाह," दीक्षा सिंगापुरी ढंगात म्हणाली. "मी सांगून बसले, माझे वडील ड्राफ्ट्समन आहेत."

खोटं नव्हतं ते. औरंगाबादला आरटीओच्या फाटकासमोर भाऊसाहेबांचे वडील नंबरप्लेटा रंगवायचे. लाकडी पेटी, चार ब्रश आणि एक स्टूल, एवढंच दुकान. रेघ ओढताना श्वास धरायचा आणि ब्रश उचलल्यावर सोडायचा, ही पहिली शिकवण मुलाला तिथे मिळाली. पुढे आयटीआयमधून ड्राफ्ट्समनचा कोर्स, मुंबईत एका इंजिनिअरिंग कंपनीत सहा वर्षं, आणि मग सिंगापूर. इथे त्यांनी भुयारी मार्गांचे नकाशे काढले. जमिनीखाली चाळीस मीटरपर्यंत कुठे भर घातलेली माती, कुठे चिखल, कुठे कातळ, ते थर दाखवणारे उभे छेद काढणं हे त्यांचं खास काम. पण रेघा ओढायचा टी-स्क्वेअर गेला, कॉम्प्युटर आला, आणि हाताचं सगळं कसब माऊसच्या दोन बटणांत जाऊन बसलं. आता सत्तावन्नाव्या वर्षी कंपनीने त्यांना आठवड्यातून तीनच दिवस बोलवायला सुरुवात केली होती. उरलेल्या दिवसांचं करायचं काय, हा प्रश्न बिशान उपनगरातल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये कुणी मोठ्याने विचारत नव्हतं. पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला जाणाऱ्या त्यांच्या पत्नी सरिताताई सकाळी निघताना नुसतं म्हणत, "अहो, भेंडी तेवढी चिरून ठेवा."

बुधवारी भाऊसाहेब युनिव्हर्सिटीत गेले. सोबत बिस्किटांच्या जुन्या डब्यात दोन सेट-स्क्वेअर, कंपास आणि टोक केलेल्या पेन्सिली.

डॉ. लाम पन्नाशीच्या, बारीक, भरभर बोलणाऱ्या बाई. त्यांचा मूळ विषय चिनी मातीची भांडी. पण एका धनवंत संग्राहकाने मरताना युनिव्हर्सिटीला त्रेसष्ट वस्तू देऊन टाकल्या होत्या, त्या सगळ्या ग्रीक. काही अख्ख्या, बऱ्याचशा फुटक्या.

"कागदपत्रं?" भाऊसाहेबांनी विचारलं. सवयीचा प्रश्न.

"एकही नाही. त्यांनी जगभरच्या दुकानांतून घेतल्या. कुठे सापडल्या, कुणी खणल्या, कशाशेजारी पडल्या होत्या, काही माहीत नाही. तळाला चिकटवलेल्या चिठ्ठीवर दुकानदाराने जे वर्ष लिहिलं तेवढंच." त्या हसल्या. "दुकानदार काय, वाटेल ते लिहितात."

"आणि फोटो का नाही चालत?"

"फोटोत भिंतीची जाडी दिसते का?"

हे भाऊसाहेबांना तात्काळ पटलं. मधोमध एक उभी रेघ. डावीकडे भांडं कापलं तर भिंत कशी दिसेल ते, उजवीकडे बाहेरचं रूप. म्हणजे उभा छेदच की! आयुष्यभर जमिनीचा काढला, आता भांड्याचा काढायचा. त्यांनी पहिलं खापर उचललं, बारीक तारांच्या फणीसारखं एक साधन त्याच्या कडेला दाबून वळण घेतलं, आणि पेन्सिल टेकवली. रेघ वाकडी गेली. खोडलं. पुन्हा काढलं. हाताच्या तळव्याएवढ्या त्या तुकड्याला तीन तास लागले, आणि शेवटी मान अवघडून आली तेव्हा लक्षात आलं की जेवायचंच राहिलं.

डॉ. लाम यांनी कागद उजेडाकडे धरून पाहिला. दुसरं खापर पुढे सरकवलं.

असे चार महिने गेले. बुधवार आणि शनिवार. हात हळूहळू वळणावर आला. घरी सरिताताईंच्या लक्षात आलं, की नवरा चहाचा कपसुद्धा आता उलटा करून बूड बघतो.

एकेचाळीस नंबरची वस्तू म्हणजे तेलाची एक कुपी. बसकी, गोल पोटाची, आखूड मानेची, एक कान असलेली. मुठीत मावेल एवढी. मधे फुटून तिचे तीन तुकडे झाले होते, त्यामुळे भिंतीची जाडी आयती मोजता येत होती. सगळं अंग काळं, आणि पोटावर विटकरी रंगाचा धावता ससा. खाली चिठ्ठी: इसवी सनापूर्वी ३५०.

भाऊसाहेबांनी भिंग लावलं. ससा रंगवलेला नव्हताच. मातीचा रंग तसाच सोडला होता आणि त्याच्याभोवतीचं काळं रंगवलं होतं. आणि ते काळं एका दमात भरलेलं नव्हतं. आधी सशाच्या कडेकडेने, अगदी सांभाळून, एक अरुंद पट्टा फिरवलेला, त्याची किंचित वर आलेली धार भिंगाखाली दिसत होती. मग बाहेरचं सगळं रुंद ब्रशने भराभर. कानाच्या टोकापाशी ब्रश सुकत आला होता, तिथे पुन्हा रंगात बुडवलेला. पाठीवर तर एकच लांब फटकारा, सुरुवातीला जाड आणि शेवटी केसासारखा.

त्यांचे वडील पाटीवर पांढरे आकडे सोडून भोवती काळं भरायचे तेव्हा नेमकं असंच करायचे. आधी कड, मग पोट.

"हा माणूस घाईत होता," भाऊसाहेब म्हणाले. "पण हात पक्का होता. अशा दिवसाला वीस-वीस करत असेल."

डॉ. लाम यांनी कामातून मान वर केली. "चार महिन्यांत पहिल्यांदा तुम्ही भांड्याबद्दल न बोलता माणसाबद्दल बोललात."

चित्र पूर्ण झालं. पण घरी गेल्यावरही त्या चिठ्ठीवरचं साडेतीनशे भाऊसाहेबांच्या मनात खुपत राहिलं. तुलनेसाठी त्यांनी त्या वर्षांच्या आसपासच्या कुप्यांची छापलेली चित्रं पाहिली होती. त्या उंच, नाजूक, कमरेत आवळलेल्या. ही तर ठेंगणी, रुंद बुडाची. कुटुंबाच्या फोटोत भलत्याच घरचं पोर उभं राहिल्यासारखी.

पुढच्या शनिवारी त्यांनी तसं बोलून दाखवलं. डॉ. लाम यांनी कपाटातून एक जाडजूड ग्रंथ काढून टेबलावर ठेवला.

"हे बघा. एका खड्ड्यातून निघालेली भांडी आहेत ही."

"कसला खड्डा?"

मग त्यांनी सांगितलं. ग्रीसच्या समुद्रात डेलोस नावाचं एक लहानसं बेट आहे, देवाचं बेट. अथेन्सच्या लोकांनी लढाईच्या धामधुमीत एका हिवाळ्यात ठरवलं, की हे बेट शुद्ध करायचं. बेटावरची झाडून सगळी थडगी त्यांनी उकरली. हाडं, आणि हाडांशेजारी ठेवलेली भांडी, होड्यांत घालून समोरच्या दुसऱ्या बेटावर नेली, आणि तिथे एका मोठ्या खड्ड्यात पुरून टाकली. डेलोसवर यापुढे कुणी जन्मायचं नाही आणि कुणी मरायचं नाही, असा हुकूम काढला. सव्वाशे वर्षांपूर्वी तो खड्डा सापडला.

"आणि हे कोणत्या हिवाळ्यात घडलं, ते त्या काळच्या इतिहासात लिहून ठेवलेलं आहे. इसवी सनापूर्वी ४२६ सरून ४२५ लागतानाचा हिवाळा. म्हणजे डेलोसच्या थडग्यांतून तिथे आलेलं प्रत्येक भांडं त्या हिवाळ्याच्या आधीचं. एका दिवसानेही नंतरचं नाही."

भाऊसाहेबांनी ग्रंथातल्या चित्रांवरून बोट फिरवलं.

"अशा जागा मूठभर आहेत," डॉ. लाम म्हणाल्या. "एक रणांगणावरची टेकडी, तिच्याखाली लढाईत मेलेल्यांची राख. एक जाळलेला गड, त्याचा मलबा. हा खड्डा. आणखी थोड्या. भांड्यांवर तारीख लिहायची रीत नव्हती. बदलत जाणारे आकार पाहून आधीचं कोणतं, नंतरचं कोणतं, ते लावता येतं, पण नेमकं वर्ष या अशा जागांकडूनच मिळतं. जगातल्या म्युझियममध्ये ग्रीक भांड्याखाली जी तारीख वाचता ना, ती फिरून फिरून अशाच कुठल्यातरी खुंटीला टांगलेली असते."

"मेलेल्यांनी दिलेल्या तारखा," भाऊसाहेब पुटपुटले.

"तुम्ही बिशानला राहता ना?" डॉ. लाम यांनी एकदम विचारलं.

"हो. चौदा वर्षं झाली."

"माझी पणजी तिथे होती. बिशानला." डॉ. लाम यांनी चष्मा काढला. "तुमच्या ब्लॉकच्या जागी सगळी कँटोनीज चिनी लोकांची दफनभूमी होती, लाखभर थडग्यांची. ऐंशीच्या दशकात सरकारने नवं गाव वसवायला ती जागा घेतली आणि थडगी उकरायला लावली. मी नऊ वर्षांची होते. बाबांबरोबर गेले होते. खणणाऱ्याने हाडं एकेक करून काढली, पुसली, आणि मग त्याच्या हाताला एक वाडगा लागला, कोंबडा रंगवलेला. तो फेकून देणार, तेवढ्यात मी मागितला. दगडावर पणजीच्या मृत्यूचं वर्ष कोरलेलं होतं, १९३६. मी घरी आल्यावर आजीच्या कपाटातले वाडगे काढून बसले. कोंबड्याची शेपटी कुणाची कशी, कोणता छत्तीसच्या आधीचा, कोणता नंतरचा. तेव्हापासून हेच करतेय."

दीक्षाच्या शाळेतल्या मैत्रिणींनी बिशान स्टेशनातल्या भुतांच्या गोष्टी सांगितल्या होत्या, आणि खरातांच्या घरात भुतांवर कुणाचा विश्वास नसल्याने त्या हसण्यावारी गेल्या होत्या. पण हे भूत नव्हतं. वाडगा होता.

"मॅडम, माझा वाढदिवस पासपोर्टवर एक जून आहे," भाऊसाहेब म्हणाले. "आमच्याकडे माझ्या वयाचे निम्मे लोक एक जूनला जन्मलेले असतात. मास्तर शाळेत नाव घालताना तीच तारीख टाकायचे. खरी कुणाला माहीत नसायची. आईला विचारलं की ती सांगायची, विजयादशमीला नागपूरला दीक्षाभूमीवर जायचं होतं, पण तुझ्या वेळी दिवस भरत आले होते म्हणून राहिलं. आणि कोयनेच्या भूकंपाने फडताळातली भांडी वाजली, तेव्हा तू पाळण्यात होतास. मला लाज वाटायची हे कुणाला सांगायची. धड एक तारीख नाही."

"नागपूरची तारीख माहीत आहे?"

"ऑक्टोबरचा मध्य. सदुसष्ट साल."

"आणि भूकंपाची?"

"अकरा डिसेंबर."

डॉ. लाम टेबलावर हात आपटून खळखळून हसल्या. "मिस्टर खरात, तुमच्या आईने दोन्ही बाजूंनी पकडलंय तुम्हाला! दोन महिन्यांच्या आत! मला एवढं नेमकं एक भांडं मिळालं तर मी पार्टी देईन. हा खड्डा आम्हाला एकच बाजू देतो."

त्या संध्याकाळी एमआरटी मेट्रोतून उतरल्यावर भाऊसाहेब सरळ घरी गेले नाहीत. ब्लॉकच्या खाली, व्यायामाच्या लोखंडी दांड्यांपाशी उभे राहिले. पोरं सायकली फिरवत होती, कुणाच्या तरी घरून तळलेल्या लसणाचा वास येत होता. त्यांनी पायाखाली बघितलं, आणि सवयीने डोळ्यांपुढे छेद उभा राहिला. वर फरशी, मग खडी, मग भर, मग तांबडी माती. असे शेकडो छेद त्यांनी काढले होते, प्रत्येक थरापुढे त्याचं नाव लिहिलं होतं, पण कोणत्याही थरात माणूस दाखवला नव्हता. इथे एक लाख होते. कुणाच्या हातात बांगडी, कुणाशेजारी वाडगा. एकदा नदीकाठच्या एका कामावर जुनी खापरं निघाली म्हणून खोदाई तीन आठवडे थांबली होती, तेव्हा खापरं वेचणाऱ्यांना आपण मनातल्या मनात काय काय बोललो होतो, तेही त्यांना आठवलं, आणि ते एकटेच ओशाळले.

जेवताना त्यांनी डेलोसची सगळी हकिकत सांगितली. सरिताताई वरण वाढता वाढता थांबल्या.

"शुद्ध करायचं म्हणजे? मेलेल्या माणसांनी बेट बाटलं होतं?"

"तसंच काहीसं. आणि बाळंतिणींनीही."

"म्हणजे तिकडेही विटाळ होताच." त्यांनी डाव जरा जोरातच पातेल्यात ठेवला. "त्या बेटावरच्यांना कुणी विचारलं होतं का हो, आमच्या आजी-पणजीला उकरू का म्हणून?"

"नसेल विचारलं."

"बघा आता," त्या म्हणाल्या. "विटाळ म्हणून ज्यांना काढून टाकलं, त्यांच्याच जिवावर आज सगळं जग तारखा लावतंय."

दीक्षाने ताटातून मान वर केली आणि आईकडे बघत राहिली.

पुढचे तीन बुधवार भाऊसाहेबांनी एकेचाळीस नंबरच्या कुपीला दिले. ग्रंथातली खड्ड्याची चित्रं एकाच मापात आणली आणि आपलं चित्र ट्रेसिंग पेपरवर उतरवून एकेकावर ठेवलं. पहिलं जुळेना. दुसऱ्याचं पोट जुळलं, मान हुकली. नवव्या चित्रावर कागद ठेवला आणि रेघ नाहीशी झाली. बूड, पोट, खांदा, मान, सगळीकडे एकच रेघ. त्यांनी कागद उचलला, पुन्हा ठेवला. खुर्ची मागे सरकवून उभे राहिले. एका कुंभाराच्या अंगठ्याने चोवीसशे वर्षांपूर्वी दिलेला दाब. एक कुपी देवाच्या बेटावरच्या थडग्यात गेली, तिथून खड्ड्यात. दुसरी कुठे गेली देव जाणे, आणि ती आता सिंगापूरला त्यांच्यासमोर मऊ कापडावर बसलेली होती.

"पंचाहत्तर वर्षांनी चुकलाय दुकानदार," ते डॉ. लाम यांना म्हणाले.

पण बाईंनी लगेच होकार दिला नाही. "आकार एका कारखान्यात बरीच वर्षं चालू शकतो. खड्डा सांगतो की अशी कुपी त्या हिवाळ्याआधी होती. नंतर कुणी तशी केलीच नाही, असं तो सांगत नाही. आणि ग्रीक भांडी हा माझा विषय नाही. विचारूया."

चित्रं अथेन्समधल्या एका वृद्ध अभ्यासक बाईंना पाठवली. पाच आठवडे काहीच आलं नाही. भाऊसाहेब इतर खापरं काढत राहिले, पण दर बुधवारी आत शिरताना डॉ. लाम यांच्या चेहऱ्याकडे आधी बघत. सहाव्या आठवड्यात उत्तर आलं, आणि त्यात निकालाऐवजी प्रश्न होता. बुडाखाली चित्रकाराने सपाट पृष्ठ दाखवलं आहे. तिथे खरोखर काही नाही का? अगदी बारीक, गोल खाच?

भाऊसाहेबांचा चेहरा उतरला. बुडाखाली दुकानदाराची चिठ्ठी होती. तिच्याखाली काय असेल ते न बघताच त्यांनी सपाट रेघ ओढली होती. "जे दिसलं नाही ते मी काढलं," ते म्हणाले. "नोकरीत कधी असं केलं नव्हतं."

डॉ. लाम यांनी कापसाच्या ओल्या बोळ्याने चिठ्ठी भिजवली. अर्धा तास गेला. चिठ्ठीचा एक कोपरा सुटला, मग दुसरा. चिमट्याने ती अलगद निघाली. खाली विटकरी मातीत, चाक फिरत असताना काडी टेकवून काढलेली असावी अशी, एक नाजूक गोल खाच होती. दोघांची डोकी एकमेकांवर आपटली, इतकी ती एकदम खाली वाकली.

त्यांनी खाच मोजली, नवं चित्र काढलं, आणि पाठवलं. या वेळी उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं. खड्ड्यातल्या कुपीला अशीच खाच आहे, आणि उशिराच्या कुप्यांत ती दिसत नाही. इसवी सनापूर्वी ४३० ते ४२०. त्याहून नेमकं कुणी सांगू शकणार नाही. शेवटी एक ओळ होती: चित्रकाराला माझा नमस्कार सांगा, आणि विचारा, त्यांचं शिक्षण कुठे झालं?

"काय कळवू?" डॉ. लाम यांनी विचारलं.

"औरंगाबाद," भाऊसाहेब म्हणाले. "आरटीओसमोर."

सिंगापूरच्या पावसाळी जानेवारीत छोटंसं प्रदर्शन लागलं. कॅटलॉगच्या दुसऱ्या पानावर 'रेखाटनं: भाऊसाहेब खरात' असं छापलेलं होतं. दीक्षाने त्याचा फोटो काढून औरंगाबादच्या सगळ्या आत्यांना पाठवला. सरिताताई काचेसमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. कुपीच्या शेजारी तिचं चित्र होतं आणि खाली तीन ओळी. काळ: इ. स. पू. ४३०–४२०. आकार, माप. सापडल्याची जागा: माहीत नाही.

"हे माहीत नाही कशाला लिहिलं?" त्यांनी विचारलं.

"खणणाऱ्याने ते पुसून टाकलं म्हणून. जागा माहीत असती, तर ही दुसऱ्यांना तारीख देऊ शकली असती. आता ही नुसती दुसऱ्याकडून घेऊ शकते."

"कुणाच्या तरी उशाशी असेल ठेवलेली," सरिताताई म्हणाल्या, आणि काचेवर आलेली श्वासाची वाफ पदराने पुसली.

कंपनीतलं काम पुढच्या महिन्यात भाऊसाहेबांनी आपणहून सोडलं. युनिव्हर्सिटीने त्यांना वर्षाच्या करारावर घेतलं. त्रेसष्टपैकी बासष्ट चित्रं झाली होती. शेवटचं खापर चिंचोक्याएवढं होतं, काळं, एका बाजूला मातीच्या रंगाचा ठिपका. सशाचा डोळा असेल, फुलाची पाकळी असेल, काहीच नसेल. डॉ. लाम म्हणाल्या, हे सोडलं तरी चालेल, याचं वय कधीच कळणार नाही.

भाऊसाहेबांनी ते आधी उलटं करून पाहिलं, मग सुलटं. पेन्सिलीला टोक केलं, श्वास धरला, आणि मधली उभी रेघ ओढली.